पाठीराखा : गोष्ठ पाल



सायंकाळी शाळा सुटल्यावर मोहगावच्या मैदानावर तुम्ही फुटबॉलचा डाव मांडता, तेव्हा एक दृश्य नेहमी माझ्या नजरेस पडते. भिडू वाटून घेताना प्रत्येकाला पुढच्या फळीत खेळावयाचे असते. आपण गोल मारावा, सवंगड्यांनी आपल्याला खांद्यावर उचलावे, अशी प्रत्येकाची मनीषा असते. ज्याच्या वाट्याला मागे उभे राहण्याचे काम येते, त्याचे तोंड मात्र एवढेसे होते. माझे बालपण गोव्यात गेले. तिकडे भातकापणी आटोपली की मोकळ्या शेतांतून आम्ही मुले अनवाणी फुटबॉल खेळत असू. मागच्या जागेविषयीची नाखुशी तेथेही हीच होती. अशा रुसून मागे उभ्या राहणाऱ्या मुलासाठी आज मी एक चरित्र सांगणार आहे. ते आहे गोष्ठबिहारी पाल यांचे. बावीस वर्षे ते मागच्याच फळीत उभे राहिले आणि तेथे उभे राहूनच साऱ्या देशाला ठाऊक झाले.

गोष्ठबाबूंचा जन्म २० ऑगस्ट १८९६ रोजी पूर्व बंगालमधील फरीदपूर जिल्ह्यात, भोजेश्वर नावाच्या खेड्यात झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. गोष्ठ हा संस्कृत शब्द असून आपला गोठा हा शब्द त्यापासूनच आलेला आहे. गाईंच्या खिल्लारात विहार करणारा जो श्रीकृष्ण, तो गोष्ठविहारी. त्याचेच नाव या बालकाला मिळाले. गाईगुरांची राखण करणाऱ्या देवाचे नाव धारण करणारा हा मुलगा पुढे आपल्या संघाच्या गोलाची राखण करून कीर्ती मिळवील, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानी असणार?

लहानपणीच ते कलकत्त्यास आले आणि कुमारटुली या वस्तीत वाढले. कुमारटुली म्हणजे कुंभारांची आळी. आपल्याकडे गणेशोत्सवापूर्वी मूर्तिकारांची जशी लगबग चालते, तशी तेथे दुर्गापूजेपूर्वी चालते. मातीला आकार देणाऱ्या त्या वस्तीतच गोष्ठबाबूंच्या खेळाला पहिला आकार आला. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास ते कुमारटुलीच्या संघातून खेळू लागले.

तो काळ कसा होता, हे थोडे समजून घेतले पाहिजे. १९०५ साली लॉर्ड कर्झन यांनी बंगालची फाळणी केली. तिच्या विरोधात स्वदेशीची चळवळ पेटली आणि तिचे पडसाद लोकमान्य टिळकांच्या महाराष्ट्रातही उमटले. फुटबॉल हा इंग्रजांनी या देशात आणलेला खेळ. त्यातील मानाच्या स्पर्धा त्यांच्या पलटणी आणि त्यांचे क्लब यांनीच जिंकाव्यात, असा जणू रिवाज पडून गेला होता. १८९३ साली सुरू झालेली आय. एफ. ए. शील्ड ही कलकत्त्याची अशीच एक मानाची स्पर्धा होती. २९ जुलै १९११ रोजी तिच्या अंतिम सामन्यात मोहन बागान या बंगाली संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला दोन विरुद्ध एक गोलाने हरविले. शील्ड जिंकणारा हा पहिला भारतीय संघ होय. या संघाच्या अकरा खेळाडूंपैकी दहा जण अनवाणी होते. एकट्या सुधीर चटर्जी यांच्या पायांत बूट होते. कर्णधार शिवदास भादुरी आणि विजयी गोल मारणारे अभिलाष घोष यांची नावे घरोघर पोचली. गोष्ठबाबू त्या वेळी पंधराव्या वर्षात होते.

१९१३ सालच्या सुमारास, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांना याच मोहन बागान संघात प्रवेश मिळाला. जो संघ एकदा इतिहास घडवून बसला आहे, त्यात नवख्याने पाय ठेवणे सोपे नसते. लोकांच्या अपेक्षा आभाळाला भिडलेल्या असतात आणि प्रत्येक सामन्यात १९११ पुन्हा घडावे असे त्यांना वाटते. विजय मिळविणारे मिळवून गेले होते. त्या विजयाची लाज राखण्याचे काम मागून आलेल्यांच्या शिरावर पडले. गोष्ठबाबूंनी त्यातला सर्वांत अवघड वाटा उचलला. ते बॅक म्हणून उभे राहिले.

बॅक या शब्दाला आपल्या मराठीत पाठीराखा हा फार सुंदर शब्द आहे. आजच्या फुटबॉलमध्ये गोलरक्षकापुढे बहुधा चार बचावपटू असतात. त्या काळी मात्र खेळाची रचना निराळी होती. पुढे पाच खेळाडू चढाई करीत, मध्ये तिघे असत आणि मागे केवळ दोन बॅक. पाच जणांची लाट अंगावर आली की ती थोपविण्यासाठी दोघांनाच सारे मैदान राखावे लागे. त्यातच १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. त्यापूर्वी सहकाऱ्याने पुढे चेंडू देताना चढाई करणाऱ्या खेळाडूच्या व गोलरेषेच्या दरम्यान प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू असावे लागत. ती संख्या आता दोनावर आली. चढाई करणाऱ्यांना मोकळे रान मिळाले आणि पाठीराख्यांचे काम दुपटीने कठीण झाले. गोष्ठबाबूंनी हे दोन्ही काळ पाहिले. नियम बदलला तेव्हा ते एकोणतिशीच्या उंबरठ्यावर होते, आणि त्यानंतरही दहा वर्षे त्यांनी आपली जागा सोडली नाही.

हे सर्व त्यांनी अनवाणी पायांनी केले, हे विसरता कामा नये. समोर गोऱ्या पलटणींचे धिप्पाड शिपाई, त्यांच्या पायांत जाड कातडी बूट. आणि इकडे उघडी बोटे, उघडा घोटा. चेंडू हिसकावून घ्यावयाचा तर त्या बुटांच्या मध्येच पाय घालावा लागे. क्षणभर कचरला तो बॅक कामातून गेला. गोष्ठबाबूंची अंगकाठी भक्कम होती. परंतु केवळ ताकदीवर हे साधत नाही. चेंडू कोठे येईल याचा अंदाज, पाऊल टाकण्याची नेमकी वेळ आणि मनाची निर्भयता या तिन्हींचा संगम त्यांच्या ठायी झाला होता. कलकत्त्यातील एका इंग्रजी वृत्तपत्राने त्यांना चीनच्या भिंतीची उपमा दिली आणि ते नाव त्यांना जन्मभर चिकटले. राज्यकर्त्यांच्या भाषेतील वर्तमानपत्राने एका अनवाणी बंगाली तरुणाला हा मान द्यावा, यातच त्याची थोरवी दिसून येते.

मित्रहो, येथवर ऐकून तुम्हांला वाटले असेल की, मोहन बागानने मग शील्डवर शील्ड जिंकल्या असतील. तसे झाले नाही. सत्य हे आहे की, गोष्ठबाबूंच्या साऱ्या कारकिर्दीत त्यांच्या संघाला आय. एफ. ए. शील्ड एकदाही मिळाली नाही. कलकत्ता लीगचे अजिंक्यपदही मिळाले नाही. १९१६, १९२०, १९२१ आणि १९२५ या वर्षी संघ लीगमध्ये दुसरा आला, पहिला नाही. त्याची कारणेही होती. कलकत्त्याचा फुटबॉलचा हंगाम ऐन पावसाळ्यात येई. कोरड्या मैदानावर वाऱ्यासारखे धावणारे अनवाणी पाय चिखलात घसरत आणि बुटांचे पाय मात्र जमिनीत रुतून स्थिर राहत. लीगच्या पहिल्या वर्गात दोनच भारतीय संघ असावेत, असा निर्बंधही पुष्कळ वर्षे होता. पंचांमध्येही गोऱ्यांचाच भरणा असे.

१९२१ साली गोष्ठबाबू मोहन बागानचे कर्णधार झाले आणि १९२६ पर्यंत ती धुरा त्यांच्याकडे राहिली. त्याच्या काही महिने आधीच, डिसेंबर १९२० मध्ये, आपल्या शेजारच्या नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरून असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले होते. देश ताठ मानेने उभा राहू पाहत होता. अशा दिवसांत गोऱ्या संघाविरुद्धचा सामना हा निव्वळ खेळ राहत नसे. मैदानाभोवती जमलेली हजारो माणसे त्यात स्वतःचा मान-अपमान पाहत असत. ते सगळे ओझे कर्णधाराच्या खांद्यावर येई.

१९२३ हे वर्ष त्यांची कठोर परीक्षा पाहणारे ठरले. शील्डच्या अंतिम सामन्यात बारा वर्षांनी मोहन बागान पुन्हा पोचले. समोर कलकत्ता फुटबॉल क्लब होता. पावसाने मैदान चिखलमय झाले आणि मोहन बागानचा तीन विरुद्ध शून्य असा पराभव झाला. त्याच वर्षी मुंबईच्या रोव्हर्स चषक स्पर्धेचे बोलावणे आले. रेल्वेने देश ओलांडून बंगालचे खेळाडू आपल्या महाराष्ट्रात आले आणि अंतिम सामन्यापर्यंत पोचले. तेथे डरहॅम लाइट इन्फंट्रीने त्यांना चार विरुद्ध एक असे हरविले. एकाच वर्षात दोन अंतिम सामने आणि दोन्हींत हार! अशा वेळी कोणाचेही मन खचले असते. परंतु १९२५ साली सिमल्याच्या ड्युरँड स्पर्धेत लष्कराबाहेरच्या भारतीय संघाला प्रथमच निमंत्रण मिळाले, तेव्हा ते मिळाले ते याच हरलेल्या संघाला. तेथेही उपान्त्य फेरीत शेरवुड फॉरेस्टर्सकडून पराभव पदरी आला. असे असले तरी, जी दारे आजवर भारतीयांना बंद होती ती या पराभूतांच्या खेळाने उघडली गेली, हे कसे नाकारता येईल?

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. इंग्लंडात १८८५ सालापासून खेळाडूला उघडपणे वेतन घेण्याची मुभा होती. आज आपल्या देशातही करार करून वेतन घेणारे फुटबॉलपटू आहेत आणि त्यात गैर काही नाही. परंतु गोष्ठबाबूंच्या काळी येथे तशी सोय नव्हती. पायाला जखम झाली तर ती आपली आपण सोसावयाची, आणि पुढच्या सामन्याला पुन्हा उभे राहावयाचे. त्यांच्या निष्ठेचे मोल पैशात करता येत नाही ते यामुळेच. १९३३ साली भारतीय संघ सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, दौऱ्यावर गेला तेव्हा सदतीस वर्षांच्या गोष्ठबाबूंनाच त्याचे नेतृत्व देण्यात आले.

१९३५ साली ते निवृत्त झाले. कलकत्ता क्लबाविरुद्धच्या एका सामन्यात पंचांच्या पक्षपाती निर्णयांनी उबगून मोहन बागानचे खेळाडू मैदानावर आडवे झाले आणि त्यानंतर गोष्ठबाबूंनी खेळास रामराम ठोकला, असे सांगितले जाते. ज्या माणसाला दोन तपे कोणी हटवू शकले नाही, तो अन्यायापुढे हात न उचलता त्याच भूमीवर निजला, ही कथा लोकांनी जपून ठेवावी यात नवल नाही.

त्यांच्या निवृत्तीनंतर चार वर्षांनी, १९३९ साली, मोहन बागानने प्रथमच लीग जिंकली. शील्ड पुन्हा हाती आली ती १९४७ साली, स्वातंत्र्याच्या वर्षी. दोन्ही वेळी गोष्ठबाबू मैदानाबाहेर होते. जे झाड त्यांनी राखले, त्याची फळे दुसऱ्यांच्या हाती पडली. आपल्या भागातील संत्र्याची बाग लावणाऱ्या शेतकऱ्याला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. बाग पहिली काही वर्षे केवळ मागते, देत काहीच नाही. आणि पुष्कळदा बाप लावतो ती झाडे मुलाला पिकतात.

जगाने मात्र त्यांना विसरू दिले नाही. १९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. हा मान मिळविणारे ते पहिले फुटबॉलपटू. एप्रिल १९७६ मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. कलकत्त्याच्या मैदान परिसरात १९८४ साली त्यांचा पुतळा उभारण्यात आला, तेथील एका रस्त्यास त्यांचे नाव मिळाले आणि १९९८ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीटही निघाले. ज्यांनी त्यांना हरविले त्या पलटणींच्या विजयी खेळाडूंची नावे आज कोणाला ठाऊक आहेत? हरलेल्याचा पुतळा उभा आहे आणि जिंकणारे विस्मृतीत गेले आहेत. लोक केवळ निकाल पाहत नाहीत. आपल्यासाठी कोण उभा राहिला हेही ते पाहतात आणि ध्यानात ठेवतात.

पुढच्या फळीतल्या खेळाडूच्या दहा चुका एका गोलाने धुऊन निघतात. पाठीराख्याने दहा वेळा वाचविलेला गोल एका चुकीने विसरला जातो. म्हणूनच ती जागा सोपी नाही आणि म्हणूनच ती मानाची आहे. आपल्या घरांतूनही असे पाठीराखे असतात. पहाटे उठून भाकऱ्या थापणारी आई, धाकट्यांच्या शिक्षणासाठी स्वतःची शाळा सोडून शेतात राबणारा थोरला भाऊ, यांच्या नावाचा जयजयकार कोठे होत नाही. पण ते हटले की सारा डाव कोसळतो.

तेव्हा उद्या सायंकाळी भिडू वाटून घेताना मागे उभे राहण्याचे काम तुमच्या वाट्याला आले, तर रुसू नका. पाय घट्ट रोवा, मान वर करा आणि समोरून येणाऱ्याकडे नीट पाहा. त्याच जागी अनवाणी पायांनी एक माणूस बावीस वर्षे उभा होता, एवढे स्मरणात असू द्या.