विश्लेषण : मेंदूच्या स्कॅनमधला ‘नॉइज’ आणि कोसंबींचे गणित

दामोदर धर्मानंद कोसंबी म्हटले की प्राचीन भारताचा इतिहास आठवतो. मात्र मेंदूच्या स्कॅनमधला ‘नॉइज’ वेगळा काढायला आज जे गणित वापरतात, त्याची एक सुरुवात त्यांनी १९४३ मध्ये पुण्यात केली होती.

अडचण नेमकी काय?

मेंदूच्या दोन भागांत रक्तातील ऑक्सिजनचे चढ-उतार एकत्र होत असतील, तर फंक्शनल एमआरआयमध्ये ते भाग जोडलेले मानतात. नॉइजमुळे हे नाते पुसट व्हावे, अशी अपेक्षा असते. अनेकदा उलटेच घडते. इंदिरानगरमधल्या दोन घरांत वेगवेगळ्या गप्पा रेकॉर्ड होत असताना रस्त्यावरून ढोल-ताशा गेला, तर दोन्ही रेकॉर्डिंग सारखी वाटतील. घरांचा संबंध मात्र शून्य. श्वास, नाडी आणि डोक्याची हालचाल हेच करतात. डोके किंचित हलले तरी जवळचे भाग जास्त जोडलेले भासतात आणि दूरचे कमी, हे २०१२ मध्ये दाखवले गेले. लहान मुले जास्त हलतात. त्यामुळे वयानुसार मेंदूतील जोडण्या कशा बदलतात, याबद्दलचे काही निष्कर्ष पुन्हा तपासावे लागले.

कोसंबी इथे कुठे येतात?

गोव्यात १९०७ मध्ये जन्मलेले कोसंबी पाली आणि बौद्ध साहित्याचे अभ्यासक असलेल्या वडिलांबरोबर १९१८ मध्ये अमेरिकेला गेले. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन ते परतले. बनारस, अलीगढ आणि मग पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज. तिथे शिकवत असतानाच त्यांनी दाखवले, की कोणतीही वेडीवाकडी बदलणारी रेषा काही स्वतंत्र आकारांत मोडता येते, सर्वात प्रभावी आकार आधी. पुढच्या काही वर्षांत कारहुनेन आणि लोएव्ह स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले. इंजिनीअरिंगच्या पुस्तकांत प्रमेयाला त्या दोघांचेच नाव असते, कोसंबींचे सहसा नाही.

आता मेंदूतील पांढरा भाग आणि द्रव, जिथे विचारांशी निगडित संकेत जवळपास नसतो, तिथले प्रभावी आकार याच पद्धतीने शोधून उरलेल्या स्कॅनमधून वजा करतात. किती आकार काढायचे, हा वाद कायम आहे. जास्त काढले तर खरा संकेतही जातो.

कोसंबींनी स्वतः हजारो जुनी नाणी तोलली. हाताळून झालेली झीज ही इतरांना वजनातली गडबड वाटे. त्यांनी तिच्यावरूनच नाणी किती काळ चलनात होती, याचा अंदाज बांधला. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना त्यांनी रीमान गृहीतक सोडवल्याचा दावा केला, तो टिकला नाही. १९६२ मध्ये तिथला करार संपला आणि नूतनीकरण झाले नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.