शब्दांची किल्ली घडवणारे रॉजर विल्यम्स

सतराव्या शतकात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरलेल्या इंग्रज वसाहतकऱ्यांपुढे थंडी आणि भूक यांच्याबरोबरच शब्दांचीही अडचण होती. तेथील अनेक प्राण्यांना, फळांना आणि पदार्थांना इंग्रजीत नावच नव्हते. ही नावे मूळ रहिवाशांकडून आली. त्यांची भाषा आस्थेने शिकणाऱ्या मोजक्या इंग्रजांत रॉजर विल्यम्स यांचे नाव अग्रभागी आहे.

१६०३ च्या सुमारास लंडनमध्ये जन्मलेले आणि केंब्रिजमध्ये शिकलेले हे धर्मोपदेशक १६३१ मध्ये बोस्टनला आले. माणसाच्या श्रद्धेत सत्तेने ढवळाढवळ करू नये आणि राजाच्या सनदेने मूळ रहिवाशांची जमीन इंग्रजांची होत नाही, ही त्यांची मते वसाहतीच्या धुरिणांना रुचली नाहीत. १६३५ मध्ये त्यांना हद्दपारीची शिक्षा झाली. १६३६ च्या ऐन हिवाळ्यात त्यांनी घर सोडले, तेव्हा मूळ रहिवाशांनीच त्यांना आसरा दिला. नॅरागॅनसेट जमातीचे प्रमुख कॅनॉनिकस आणि मियांटोनोमी यांनी दिलेल्या जमिनीवर विल्यम्स यांनी प्रॉव्हिडन्स वसवले.

वसाहतीसाठी सनद मिळवण्यास १६४३ मध्ये इंग्लंडला जाताना जहाजावर त्यांनी आपल्या भाषाविषयक नोंदींना पुस्तकाचे रूप दिले. त्याच वर्षी लंडनमध्ये ‘अ की इंटू द लँग्वेज ऑफ अमेरिका’ प्रसिद्ध झाले. त्याच्या ३२ प्रकरणांत अभिवादनापासून अंत्यविधीपर्यंतचे सारे दैनंदिन जीवन संवादांच्या रूपाने आले आहे. प्रवासात शिदोरी म्हणून नेले जाणारे भाजलेल्या मक्याचे पीठ, उकडलेले मक्याचे दाणे आणि भोपळ्याच्या जातीची फळे यांची नावे त्यात आढळतात. ‘स्क्वॉश’ आणि ‘सकोटॅश’ हे इंग्रजी शब्द याच भाषेतून आले आहेत.

शब्दांनी जोडलेले हे नाते मात्र टिकले नाही. डिसेंबर १६७५ मध्ये इंग्रज फौजांनी नॅरागॅनसेटांच्या वस्तीवर हल्ला चढवला. मार्च १६७६ मध्ये प्रॉव्हिडन्स जाळले गेले. त्यात विल्यम्स यांचे घरही भस्मसात झाले. त्याच वर्षी युद्धकैद्यांना सक्तीच्या चाकरीत विकण्याची व्यवस्था करणाऱ्या समितीत वृद्ध विल्यम्स सामील झाले. ज्यांच्या हक्कांसाठी त्यांनी हद्दपारी पत्करली, त्यांच्याच बाबतीत त्यांनी अखेरीस हा निर्णय घेतला.

१६८३ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे नॅरागॅनसेट भाषा दैनंदिन व्यवहारातून लोप पावली. तिच्या अभ्यासकांना आजही विल्यम्स यांच्या पुस्तकाचाच मोठा आधार आहे.