डॉ. कमला सोहोनी : प्रयोगशाळेचे दार उघडणारी विदुषी

ज्याला नोबेल पारितोषिक मिळाले आहे असा थोर शास्त्रज्ञ आपल्या बाबतीत अन्याय करीत असेल, तर बावीस वर्षांच्या मुलीने काय करावे? डॉ. कमला सोहोनी यांचे चरित्र म्हणजे या प्रश्नाचे उत्तर होय.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे भागवत कुटुंबात झाला. विख्यात लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले होते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण होऊन कमलाबाईंनीही तेथेच अर्ज केला. संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ ती मुलगी आहे म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई परत गेल्या नाहीत. गांधीजींच्या मार्गाने त्यांनी रामन यांच्या कार्यालयापुढे सत्याग्रह मांडला.

अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. वर्षभर नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करायचे. आणि पुरुष विद्यार्थ्यांचे चित्त विचलित होऊ द्यायचे नाही. यातील अपमान कमलाबाई कधीही विसरल्या नाहीत. साठांहून अधिक वर्षांनी, उतारवयात, त्यांनी तो जाहीरपणे बोलून दाखविला. परंतु त्या वेळी त्यांनी अटी स्वीकारल्या आणि श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर संशोधन सुरू केले. वर्षाअखेरीस रामन यांचे समाधान झाले. त्यांनी कमलाबाईंना नियमित प्रवेश दिला, इतकेच नव्हे तर संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले.

पुढे त्या इंग्लंडमध्ये केंब्रिजला गेल्या. तेथे १९२५ साली डेव्हिड केलिन यांनी कीटकांच्या उडण्याच्या स्नायूंत सायटोक्रोम नावाची रंगद्रव्ये पाहिली होती. पेशीच्या श्वसनात ही प्रथिने मोलाची कामगिरी बजावतात. कमलाबाईंनी बटाट्यावर काम करून वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ असल्याचे दाखविले. म्हणजे उडणारी माशी आणि जमिनीखालचा बटाटा यांचे श्वसन एकाच सूत्राने बांधलेले आहे! अवघ्या ४० पानांच्या प्रबंधावर १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

परदेशात राहणे त्यांना अवघड नव्हते. तरीही त्या १९३९ मध्येच मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात व नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. १९४७ साली विमागणिती मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. आता त्यांच्या संशोधनाचा विषय होता गरिबाचे ताट. कडधान्यांत प्रथिने भरपूर असली तरी त्यांतील काही घटक पचनाला अडथळा आणतात. कमलाबाईंनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी या घटकांचा कसून अभ्यास केला.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवर संशोधन केले. हजीरा-सुरतकडील वाचकांना नीरा नवी नाही. हे साधे पेय व त्यापासूनचा ताडगूळ कुपोषित मुलांना आणि गर्भवती स्त्रियांना उपकारक ठरतो, हे त्यांनी दाखवून दिले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

तरीही संस्थेच्या संचालकपदासाठी त्यांना काही वर्षे ताटकळावे लागले. रामन यांचे मत वर्षभरात बदलले. समाजाचे मत बदलण्यास मात्र फार वेळ लागला. निवृत्तीनंतर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. ग्राहक मार्गदर्शक संस्थेच्या अध्यक्षा म्हणून त्यांनी काम केले आणि ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेख लिहिले. वाणिज्य शाखेच्या आम्हा विद्यार्थ्यांनी हा भाग आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे.

१९९८ साली दिल्लीत त्यांच्या गौरवाच्या समारंभातच त्या कोसळल्या व थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले. आज मुली प्रयोगशाळेत सहज प्रवेश करतात. त्या सहजतेची किंमत कोणीतरी आधीच चुकती केली आहे, याची जाणीव ठेवणे हीच कमलाबाईंना खरी आदरांजली होय.