वाफेला जिना उतरवणारा माणूस

थर्मलच्या पुस्तकात पार्सन्स म्हणजे फिफ्टी पर्सेंट रिअ‍ॅक्शनवालं टर्बाइन. परीक्षेपुरतं पाठ करायचं, पुढच्या सेमला विसरायचं. पण मित्रांनो, हा माणूस त्या डायग्रॅमपेक्षा खूप मोठा होता.

चार्ल्स पार्सन्स यांचा जन्म १३ जून १८५४ रोजी लंडनमध्ये झाला. बालपण गेलं आयर्लंडमधल्या बर कॅसलमध्ये. तिथे वडिलांनी, म्हणजे लॉर्ड रॉस यांनी, सहा फुटी आरशाची दुर्बीण उभारली होती. हा आरसा ओतल्यावर कित्येक आठवडे सावकाश थंड करावा लागला. घाई केली तर तडा जाणार! चार्ल्स यांचं शिक्षण घरीच झालं. पुढे डब्लिन आणि केंब्रिजला गणित शिकून लॉर्डसाहेबांचा हा मुलगा चक्क न्यूकॅसलच्या कारखान्यात अप्रेंटिस झाला.

१८८४ मध्ये त्यांनी टर्बाइन बनवलं. वाफेचा सगळा दाब एकाच चाकावर सोडला तर वेग आवरत नाही. म्हणून त्यांनी तो एकामागून एक चाकांवर थोडा थोडा उतरवला, जिना उतरावा तसा. १८८९ मध्ये भागीदारांपासून वेगळे झाले तेव्हा पेटंट तिकडेच राहिली; ती परत मिळायला १८९४ उजाडलं. मग आली ‘टर्बिनिया’ बोट. सुरुवातीला तिला वेगच येईना. शेवटी तीन शाफ्ट, नऊ प्रोपेलर लावले आणि १८९७ च्या स्पिटहेडच्या आरमारी संचलनात ती ३४ नॉटच्या आसपास पळाली. नौदल बघतच राहिलं!

पण जहाजावरचं टर्बाइन म्हणजे वेगळंच प्रकरण. ते उलटं फिरत नाही, म्हणून मागे जायला दुसरं टर्बाइन लागतं. एरवी ते रिकामं फिरतं, त्यामानाने थंडच असतं. अचानक ‘मागे घ्या’ हुकूम आला की त्यात गरम वाफ शिरते. धातूचा वरचा थर फुगतो, आतला मात्र तसाच थंड. हे पुन्हा पुन्हा झालं की बारीक भेगा पडतात. हीच थर्मल फटीग. कंडेन्सरमध्ये तर नळीच्या आत समुद्राचं पाणी आणि बाहेर वाफ. नळी आणि कवच सारखं फुगत नाहीत, म्हणून नळ्यांची टोकं सरकू शकतील अशी पॅकिंगमध्ये बसवत. टर्बाइनही निघण्याआधी हळूहळू तापवून घ्यावं लागतं.

पुढे ‘ड्रेडनॉट’, ‘मॉरिटानिया’ अशी बलाढ्य जहाजं पार्सन्स टर्बाइनवर धावली. १९१८ मध्ये एकुलता एक मुलगा युद्धात गेला, तरी त्यांचं काम थांबलं नाही. ११ फेब्रुवारी १९३१ रोजी प्रवासात, जहाजावरच त्यांचं निधन झालं.

पहिल्या टर्बाइनपासून स्पिटहेडपर्यंत तेरा वर्षं लागली. धातू काय नि माणूस काय, एकदम तापवून चालत नाही. एकेक पायरी घ्यावी लागते.