इमाम गझाली : हेतू, कर्म आणि स्वर्ग

पैगंबर मुहंमदांच्या उक्तिकृतींच्या ज्या परंपरागत वार्ता हदीस या नावाने ओळखल्या जातात, त्यांत सत्कर्म, श्रद्धा आणि स्वर्गप्राप्ती यांविषयीची वचने विपुल आहेत आणि वरवर पाहता ती परस्परांशी जुळत नाहीत. ईश्वराच्या एकत्वाची मनापासून साक्ष देणारा स्वर्गात जाईल, असे एक हदीस सांगते. कोणीही केवळ आपल्या कर्माच्या बळावर स्वर्गात जाणार नाही, स्वतः पैगंबरही ईश्वरी कृपेवाचून जाणार नाहीत, असे दुसरे सांगते. तिसरे तर फार कठोर आहे. अंतिम निवाड्याच्या दिवशी प्रथम ज्यांचा न्याय होईल ते तिघे म्हणजे रणात पडलेला योद्धा, विद्या शिकविणारा पंडित आणि उदार दाता. आणि लोकांनी आपणांस शूर, ज्ञानी व दानी म्हणावे एवढ्यासाठीच त्यांनी ते केले असल्यामुळे तिघांचीही रवानगी नरकात होईल. या वचनांचा मेळ घालण्याचा प्रयत्न अनेक भाष्यकारांनी केला. अबू हामिद मुहंमद अल्-गझाली यांचे वेगळेपण हे की त्यांतील तिसरे वचन त्यांच्या स्वतःच्या आयुष्यावर येऊन आदळले होते.

गझालींचा जन्म इराणच्या खुरासान प्रांतातील तूस येथे हिजरी ४५०, म्हणजे इ. स. १०५८ च्या सुमारास झाला. वडील लोकर कातून विकत, असे चरित्रकार सांगतात. मृत्यूपूर्वी त्यांनी मुहंमद आणि अहमद या दोन्ही मुलांना एका सूफी मित्राच्या हाती सोपविले; ठेवलेला पैसा संपल्यावर मुलांना मदरशात जावे लागले, कारण तेथे शिक्षणाबरोबर पोटाचीही सोय होती. जुर्जानहून परतताना वाटमाऱ्यांनी तरुण गझालींची टिपणे लुटली. ती परत मागता, चोरीला जाऊ शकते ती विद्या कसली, असे चोरांच्या म्होरक्याने त्यांना हिणवले; पुढची तीन वर्षे त्यांनी सारी टिपणे मुखोद्गत करण्यात घालविली. गोष्ट थोडी बेतल्यासारखी वाटते, पण ती खुद्द गझालीच सांगत असत, असे म्हणतात.

नीशापूर येथे इमामुल्-हरमैन जुवैनी यांच्याजवळ त्यांनी न्यायशास्त्र व धर्मतत्त्वशास्त्र यांचा अभ्यास केला. १०८५ मध्ये गुरू वारले, तेव्हा ते सेल्जुक साम्राज्याचा वजीर निजामुल्मुल्क याच्या आश्रयास गेले. १०९१ मध्ये वजिराने त्यांची बगदादच्या निजामिया मदरशात नेमणूक केली. तेहेतिशीच्या आत-बाहेरचा हा आचार्य तीनशे विद्यार्थ्यांना शिकवीत होता आणि फावल्या वेळात ग्रीक परंपरेतील तत्त्वज्ञांचे ग्रंथ वाचून त्यांचे खंडन लिहीत होता. १०९२ मध्ये वजिराचा खून झाला. तथापि गझालींच्या कीर्तीला त्यामुळे ओहोटी लागली नाही.

ओहोटी आतून लागली. अध्यापन हे गझालींचे सर्वोत्तम कर्म. पण त्यामागचा हेतू तपासू लागताच ते ईश्वराप्रीत्यर्थ नसून प्रतिष्ठा व कीर्ती यांसाठी आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. 'अल्-मुन्किझ मिन् अद्-दलाल' या आत्मकथनात त्यांनी याची कबुली दिली आहे. सहा महिने ते सोडू की नको या द्विधेत होते. सकाळी निश्चय होई आणि संध्याकाळी तो मोडे. १०९५ च्या जुलैत त्यांची वाचा बसली. शिष्यांसाठी एक दिवस तरी शिकवावे म्हटले तरी शब्द उमटेना, घास घशाखाली उतरेना. हा मनाचा आजार आहे, आमच्या औषधाचा नव्हे, असा निर्वाळा देऊन वैद्यांनी हात टेकले. त्या वर्षी नोव्हेंबरात त्यांनी मुलाबाळांपुरते राखून उरलेले धन वाटून टाकले, मदरशाचे काम भावावर सोपविले आणि मक्केला जातो असे भासवून दमास्कसची वाट धरली. एवढ्या आत्मपरीक्षणानंतर पहिले पाऊल एका लहानशा बहाण्याने पडावे, हे त्यांनी लपविलेले नाही.

दमास्कसच्या मशिदीच्या मिनारात दार लावून ते दिवस काढीत. तेथून ते जेरुसलेमला व हेब्रॉनला गेले. हेब्रॉनमध्ये, इब्राहिमांच्या कबरीपाशी, त्यांनी तीन शपथा घेतल्या : राजाच्या दारी जाणार नाही, राजाचे धन घेणार नाही, वादसभेत उतरणार नाही. याच भ्रमंतीच्या आणि तूसला परतल्यानंतरच्या काळात 'इह्या उलूम अद्-दीन' हा चाळीस पुस्तकांचा महाग्रंथ सिद्ध झाला.

इह्यातील सदतिसावे पुस्तक हेतूविषयी आहे. कर्मे हेतूंनुसार ठरतात, हे हदीस सर्वांना पाठ असते. गझाली ते सैल सोडत नाहीत. हेतू चांगला म्हणून पाप पुण्य होत नाही. अवैध धनातून मशीद वा मदरसा बांधणाऱ्याचा शुभहेतू हे त्यांच्या मते निव्वळ अज्ञान होय. (राजाश्रयाच्या मदरशात उमेदीची वर्षे घालविलेल्या माणसाच्या लेखणीतून हे उदाहरण यावे, हे लक्षणीय आहे.) उलट, ज्यात पापही नाही आणि पुण्यही नाही अशा साध्या कृतीला हेतू हवा तिकडे वळवू शकतो. शुक्रवारी मशिदीत जाताना सुगंध लावणारा माणूस श्रीमंती मिरवीत असेल, किंवा शेजाऱ्याला दुर्गंधीचा उपद्रव होऊ नये एवढेच पाहत असेल. अत्तर तेच. आणि हेतू म्हणजे तोंडाने केलेला संकल्पही नव्हे. पोट भरलेल्याने मला भूक लागो असे म्हटल्याने जशी भूक लागत नाही, तसा हेतूही उच्चाराने निर्माण होत नाही.

श्रद्धावंताचा हेतू त्याच्या कर्माहून श्रेष्ठ असतो, या हदीसाचा त्यांनी लावलेला अर्थही असाच वैद्यकी थाटाचा आहे. पोटाच्या दुखण्यावर बाहेरून लेपही लावतात आणि पोटात औषधही देतात. दुसरे श्रेष्ठ, कारण ते दुखण्याच्या जागी पोहोचते. कपाळ जमिनीला टेकविण्यात कपाळ आणि जमीन यांची भेट हे प्रयोजन नसून मनात नम्रता मुरावी हे आहे. स्वर्गाच्या आशेने केलेले कर्म मात्र ते त्याज्य मानीत नाहीत. मराठी वाचकास येथे गीतेतील फलत्यागाची आठवण होणे स्वाभाविक आहे, पण साम्य फार ताणता येत नाही : गझालींच्या लेखी फळाची इच्छा धरणारा मजूर खालच्या पायरीवर असला तरी पायरीवरच आहे, जिन्याबाहेर नाही.

कृपा आणि कर्म यांचा उलगडा त्यांनी एका शिष्याला लिहिलेल्या 'अय्युहल् वलद' या पत्रात अधिक सोपा केला आहे. रानात सिंह समोर आला असता जवळ दहा हिंदी तलवारी असूनही त्या उपसल्याच नाहीत, तर काय उपयोग, असे ते विचारतात. आचरणावाचून विद्या तशी. स्वर्ग कृपेनेच मिळतो, हे त्यांना मान्य आहे. पण ती कृपा सत्कर्म करणाऱ्यांच्या निकट असते, असे कुराणच सांगते. नुसत्या श्रद्धेने पोहोचता येईल का? येईल, पण केव्हा, आणि वाटेत किती खडतर घाट ओलांडून? पोहोचलाच तरी तो स्वर्गातला कंगाल ठरेल.

श्रद्धेच्या सीमेबाहेरच्यांचे काय, हा प्रश्न त्यांनी 'फैसल अत्-तफ्रिका'मध्ये घेतला. रूमी ख्रिस्ती किंवा दूरचे तुर्क, ज्यांच्या कानी पैगंबरांचे नावच गेले नाही किंवा लहानपणापासून विपरीत रूपातच गेले, त्यांना ते दोषी धरीत नाहीत. इह्याचा शेवटही त्यांनी ईश्वरी करुणेच्या हदीसांनीच केला. क्षमेची आशा धरावी असे कर्म आपल्या पदरी नाही, म्हणून शुभशकुन या नात्याने हा शेवट, असे त्याचे कारण त्यांनी दिले आहे.

१९०६ च्या नव्हे, ११०६ च्या जुलैत, म्हणजे हिजरी पाचशेचे साल उगवण्याच्या सुमारास, ते वजीर फख्रुल्मुल्कच्या आग्रहावरून नीशापूरला पुन्हा शिकवू लागले. हेब्रॉनची शपथ येथे ढिली पडली, हे नाकारता येत नाही. प्रत्येक शतकारंभी धर्माचे नूतनीकरण करणारा येतो, या हदीसाचा त्यांना आधार वाटला. पूर्वी प्रतिष्ठा मिळवून देणारी विद्या शिकवीत होतो, आता ती सोडावयास लावणारी शिकवितो, असे त्यांनी समर्थन केले. नीशापूरचे चरित्रकार अब्दुल् गाफिर फारिसी यांना आधी हे सोंग वाटले होते. त्यांनी अनेकदा जाऊन पाहिले, पारखले आणि आपले मत बदलले.

हदीसशास्त्रात मात्र आपले भांडवल तुटपुंजे आहे, हे गझालींनी स्वतःच मान्य केले होते. इह्यात दुर्बल आणि निराधार वचने बरीच शिरली आहेत, हा आक्षेप पुढे इब्नुल् जौझींसारख्यांनी घेतला. ११०९ च्या सुमारास कॉर्दोबात ग्रंथाची जाहीर होळी झाली, तिची कारणे अर्थात निराळी होती. तेथील न्यायपंडितांना त्यातील आपल्यावरचे ताशेरे झोंबले होते. अखेरीस तूसला परतल्यावर गझाली बुखारी व मुस्लिम यांचे हदीससंग्रह विद्यार्थ्याप्रमाणे वाचीत बसले. १८ डिसेंबर ११११ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. मागे मुलीच राहिल्या. अधिक आयुष्य लाभते तर या शास्त्रातही ते अग्रेसर झाले असते, असे फारिसींनी नोंदविले आहे.

ते राहिलेले काम सुमारे अडीच शतकांनी कैरोच्या झैनुद्दीन इराकींनी हाती घेतले. इह्यातील एकेका हदीसाचा माग काढून त्यांनी त्याची प्रत ठरविली. अनेक छापील आवृत्त्यांत त्यांची टीप पानाच्या तळाशी असते. हेतू कर्माहून श्रेष्ठ, या वचनाखालीही ती आहे : परंपरा दुर्बल.