महात्मा जोतीराव फुले आणि विहिरींचें पाणी

महात्मा जोतीराव फुले यांचें नांव घेतांच आपणांस 1848 सालीं पुण्यांत त्यांनीं काढलेली मुलींची शाळा आठवते. परंतु भूमींतील पाण्याविषयींही त्यांनीं खोल विचार केला होता. तो येथें सांगावा, असें आम्हांस वाटतें.

जोतीरावांचा जन्म 1827 सालीं माळी कुटुंबांत झाला. 1841 सालीं ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकूं लागले. 1868 सालीं त्यांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुला केला. पाण्यावर सर्वांचा हक्क आहे, हें त्यांनीं कृतीनें दाखविलें.

1883 सालीं लिहिलेल्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथांत त्यांनीं शेतकऱ्याच्या दैन्याची कारणें शोधलीं. ताली व बंधारे घालून पावसाचें पाणी आधीं शेतांत मुरवावें, मगच तें ओढ्यानाल्यांस मिळावें, असें त्यांनीं सुचविलें. सरकारनें पाणाड्यांकडून शेतांची पाहणी करवावी, दोन मोटांहून अधिक पाण्याचे झरे सांपडतील त्या जागा गांवच्या नकाशांत नोंदवाव्यात, आणि सरकारी मदतीवांचून विहीर बांधणाऱ्यांस बक्षिसें द्यावीत, असाही त्यांचा आग्रह होता. 28 नोव्हेंबर 1890 रोजीं त्यांचें देहावसान झालें.

नोंदींचें हें महत्त्व पुढें शास्त्रानेंही पटविलें. पाऊस नसतांना किती पाणी उपसलें, आणि त्यामुळें किती क्षेत्रांतील विहिरींची पातळी किती उतरली, हें लिहून ठेवलें म्हणजे रित्या झालेल्या खडकाशीं निघालेल्या पाण्याचें प्रमाण काढतां येतें. तीच खडकाची पाणी देणारी सच्छिद्रता. शेजारच्या विहिरींच्या पातळ्या ताडून पाहिल्या, तर पाणी कोणत्या दिशेस वाहतें तेंही कळतें. कारण तें उंच पातळीकडून सखल पातळीकडे जातें.

मेहकर तालुक्यांतील आपलें डोणगांव काळ्या खडकावर वसलें आहे. अशा खडकाच्या झिजलेल्या थरांत हें प्रमाण साधारणपणें शेंकडा 1 ते 3 इतकेंच असतें. तें 2 धरलें, तर एक हेक्टर क्षेत्रांत पातळी एक मीटर उतरली असतां अवघें 2,00,000 लिटर पाणी मिळतें. ठेवा लहान आणि वांटेकरी पुष्कळ! एकानें अधिक उपसलें, तर शेजाऱ्याची विहीर आटते.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनीं कार्तिकांत व वैशाखांत दोरीनें घरच्या विहिरीची पातळी मोजून वहींत लिहावी. जोतीरावांच्या स्मृतीस याहून साधें आणि उपयुक्त वंदन आम्हांस सुचत नाहीं.