कॉलरा माणसाला नेमका मारतो कसा? हे कोलकात्याच्या एका डॉक्टरने शोधलं, पण नोबेल काही मिळालं नाही

कॉलऱ्याला आपल्याकडे पटकी म्हणतात. पूर्वी पटकीची साथ आली की गावंच्या गावं ओस पडायची. सकाळी धडधाकट असलेला माणूस जुलाबांनी रात्रीपर्यंत गेलेला असायचा.

१८८४ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात या रोगाचा जंतू वेगळा करून दाखवला. पण हा जंतू माणसाला मारतो कसा, हे पुढची ७५ वर्षं कोडंच राहिलं.

ते सोडवलं शंभूनाथ डे यांनी.

१९१५ साली बंगालच्या हुगळी जिल्ह्यात त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची. स्कॉलरशिपवर शिकत ते डॉक्टर झाले, १९४९ मध्ये लंडनहून पीएचडी घेतली आणि परत कोलकात्यात येऊन शिकवू लागले.

तोपर्यंत अनेक संशोधक प्राण्यांच्या रक्तात किंवा पोटाच्या पोकळीत जंतू टोचून बघत होते. डे यांनी साधा विचार केला. रोग आतड्याचा आहे, तर आतड्यातच बघू. त्यांनी सशाच्या लहान आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला आणि त्यात जंतू सोडले. तो तुकडा पाण्याने टम्म फुगला. हे १९५३ चं संशोधन.

१९५९ मध्ये ते आणखी पुढे गेले. जंतू वाढवलेलं द्रावण गाळून सगळे जंतू बाजूला काढले आणि फक्त गाळलेलं पाणी आतड्यात सोडलं. तरीही आतडं फुगलं. म्हणजे खरा गुन्हेगार होता जंतूने बाहेर टाकलेलं विष!

हे विष पेशीत शिरतं कसं, ते पुढे इतर शास्त्रज्ञांनी उलगडलं. आपल्या पेशींच्या बाहेरच्या बाजूला साखरेच्या रेणूंच्या छोट्या साखळ्या असतात. आतड्याच्या पेशींवरच्या 'जीएम-१' नावाच्या रेणूची अशीच एक साखळी हे विष घट्ट पकडतं. त्यातला एक भाग आत शिरतो आणि पेशी क्षार बाहेर फेकू लागते. क्षारांमागे पाणीही जातं. गंमत म्हणजे, या जंतूकडे साखळ्या छाटणारं एक एन्झाइमही असतं. ते इतर साखळ्या कापून आणखी जीएम-१ तयार करतं.

जंतू आतड्याच्या भिंतीत घुसतच नाही, वरवर चिकटून राहतो. त्यामुळे इथे शरीराला आतड्यात पाझरणाऱ्या अँटिबॉडीजचा मोठा आधार असतो. काही अँटिबॉडीज जंतूच्या कवचावरची साखर ओळखून त्याला अडवतात, तर काही विषाला पेशीवरची साखर पकडू देत नाहीत. तोंडावाटे द्यायच्या काही लसी याच तत्त्वावर बनल्या आहेत.

जीव वाचवायलाही साखरच कामी आली. विष चढलेलं असतानाही आतडं ग्लुकोजसोबत मीठ आणि पाणी शोषू शकतं. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धावेळी डॉ. दिलीप महालनोबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ३.६ टक्क्यांवर आलं. हेच आपलं ओआरएस.

आणि डे? ते १९७३ मध्ये निवृत्त झाले. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचं नाव नोबेलसाठी एकापेक्षा जास्त वेळा सुचवलं. १९७८ मध्ये कॉलऱ्यावरच्या नोबेल परिसंवादाचं आमंत्रणही आलं, पुरस्कार मात्र आला नाही. त्याहून बोचणारी गोष्ट म्हणजे, भारतातल्या मोठ्या विज्ञान अकादमींनीही हयातीत त्यांना फेलो केलं नाही. १९८५ मध्ये ते गेले. पाच वर्षांनी, १९९० मध्ये 'करंट सायन्स' या भारतीय नियतकालिकाने त्यांच्यावर विशेषांक काढला.

पुढच्या वेळी घरात ओआरएसचं पाकीट फोडाल, तेव्हा शंभूनाथ डे हे नाव आठवा.